हसवणाऱ्यांच्या टेपा कुणी जपायच्या?

जेम्स बेक हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. 'डॅड्स आर्मी' या बीबीसीच्या विनोदी मालिकेत तो प्रायव्हेट वॉकरचं काम करायचा. दुसरं महायुद्ध चालू आहे, लोणी-साखरेपासून पेट्रोलपर्यंत सगळं रेशनवर आहे, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात म्हातारेकोतारे नि कोवळी पोरं मिळून हिटलरला अडवायची कवायत करताहेत. त्यांच्यातला हा वॉकर म्हणजे गावचा काळाबाजारवाला. जे कुठेच मिळत नाही ते त्याच्याकडे मिळतं. लबाड, पण अडीनडीला धावून येणारा. प्रत्येक आळीत असा एक असतोच. बेक १९७३ मध्ये गेला, मालिका ऐन भरात असताना, अवघ्या ४४ व्या वर्षी.

मालिकेचे एकूण ८० भाग झाले. त्यातला एक खास वॉकरवर बेतलेला होता, शीर्षकातच त्याचं नाव होतं. मार्च १९६९ मध्ये तो दाखवला गेला. वॉकरला खऱ्या सैन्याचं बोलावणं येतं, आणि हा गेला तर आपल्याला चोरून-मारून चार वस्तू कोण पुरवणार, म्हणून कॅप्टन मॅनरिंगपासून सगळी तुकडी त्याला सोडवायच्या खटपटीला लागते. हा भाग आज बघता येत नाही. टेप पुन्हा वापरता यावी म्हणून ती पुसली गेली. त्याच हंगामातले आणखी दोन भागही तसेच गेले.

संहिता मात्र उरल्या. २०१९ मध्ये त्याच घेऊन दुसऱ्या नटांनी हे तिन्ही भाग नव्याने केले. त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण बेक त्यात नाही. ज्या भागात त्याला सगळ्यात जास्त वाव मिळाला होता, तोच नेमका गेला, आणि तो स्वतः तर १९७३ मध्येच गेलेला. नटाकडे मागे ठेवायला दुसरं असतं काय?

लोकांच्या पैशातून जे प्रक्षेपित होतं, त्यातलं काय टिकवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवायचा हक्क प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला असावा का? माझं मत स्पष्ट आहे. असू नये. जे प्रक्षेपित झालं त्याची एक प्रत कायद्याने स्वतंत्र संग्रहालयात गेलीच पाहिजे, जशी छापलेल्या पुस्तकाची जाते. आणि हे सगळ्यात निकडीने लागू पडतं ते विनोदाला. ब्रिटनमध्ये १९५० ते १९७५ च्या दरम्यान जे घडलं ते नीट बघितलं, की मी असं का म्हणते ते कळेल.

त्या काळी चित्रमुद्रणाची टेप दोन इंच रुंद असायची, रिळं अवजड आणि भयंकर महाग. एकदा मुद्रण झालं, कार्यक्रम दाखवला, की ती टेप पुसून पुन्हा वापरायची, हाच शिरस्ता. टेपचा मोठा फायदा म्हणून अभियंत्यांनी सांगितला होता तोही हाच, की ती पुन्हा वापरता येते. बीबीसीत फिल्मचं ग्रंथालय वेगळं होतं, पण ते फिल्मच सांभाळायचं. टेपा अभियांत्रिकी विभागाच्या ताब्यात असायच्या, आणि अभियंत्याचं काम पुढच्या आठवड्याच्या मुद्रणाला कोरी टेप हाताशी ठेवणं. ती कायमची जपायची, हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

त्यात 'इक्विटी' या नटांच्या संघटनेशी केलेला करार. जुने कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवले तर नव्या कामाला नटांना बोलावणार कोण, ही संघटनेची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. म्हणून ठरावीक मुदतीत फार तर एखादं पुनर्प्रक्षेपण, त्यानंतर परत वाटाघाटी आणि परत पैसे. तिसरी गोष्ट रंगाची. जुलै १९६७ मध्ये बीबीसीची दुसरी वाहिनी रंगीत झाली, नोव्हेंबर १९६९ मध्ये पहिली वाहिनी आणि आयटीव्ही ही खासगी वाहिनी. मग कृष्णधवल कार्यक्रम कोण परत बघणार? वॉकरचा भाग कृष्णधवल होता. तो दाखवून आठ महिने होतात न होतात, तोच रंगीत प्रक्षेपण आलं.

यात कुणी खलनायक नाही, हे मी मुद्दाम सांगते. पुसणारे लोक आपापलं काम चोख करत होते. घरातसुद्धा हेच होतं. माझ्या मामांना आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'चं वेड होतं. टेकाडे भावोजींचा आवाज आला की ते टेपरेकॉर्डर रेडिओला टेकवून ठेवायचे आणि सगळ्यांना गप्प बसायला लावायचे. अशा सात-आठ कॅसेटी होत्या. पुढे मामींना भजनी मंडळाची तालीम भरून घ्यायची होती, कोरी कॅसेट घरात नव्हती. आज त्यातल्या एकाच कॅसेटवर जुनं काही उरलंय, तेही जेमतेम दहा-बारा मिनिटं, मध्ये कुकरच्या शिट्टीसकट. मग एकदम टाळ-मृदंग सुरू होतात. मामींवर कुणी रागावलं नाही, रागवायचं कारणही नव्हतं. पण घरातल्या माणसाला जे माफ, ते सार्वजनिक संस्थेला माफ नसतं. बीबीसी चालायची ती लोकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर. टेपही त्यांच्याच पैशाची, नटाचा मेहनतानाही त्यांच्याच पैशाचा.

कुणी म्हणेल, संहिता टिकल्यात ना, मग वाचा की. ज्यांनी पुलंचं लेखन आधी वाचलं आणि नंतर ध्वनिमुद्रणात ऐकलं, ते असं म्हणणार नाहीत. तोच मजकूर, तेच शब्द, पण एका शब्दाआधी घेतलेला श्वास कागदावर उमटत नाही. विनोद त्या श्वासात असतो.

टोनी हॅनकॉक या विनोदी नटाचं उदाहरण घेऊ. त्याची मालिका रेडिओवर १९५४ मध्ये सुरू झाली, दूरचित्रवाणीवर १९५६ मध्ये. लेखक होते रे गॉल्टन आणि ॲलन सिम्पसन. क्षयरोगाच्या इस्पितळात १९४८ मध्ये एकमेकांना भेटलेले हे दोन तरुण. महिनोन् महिने पडून राहायचं, रेडिओ ऐकायचा, बोलत राहायचं. ब्रिटिश सिटकॉमचा, म्हणजे तीच पात्रं घेऊन चालणाऱ्या विनोदी मालिकेचा, पाया तिथे घातला गेला असं म्हणायला हरकत नाही. तोवर रेडिओवरचा विनोद म्हणजे गाणं, मग चुटका, मग पाहुणा कलाकार, मग पुन्हा चुटका. यांनी अर्ध्या तासात एक माणूस उभा केला, मोठेपणाची हौस असलेला, कायम दुखावलेला, उपनगरातल्या खोलीत रविवारची दुपार ढकलणारा. त्याच्याकडे बघून लोकांना आपलेच काका आठवायचे.

१९६१ चा रक्तदानाचा भाग सुदैवाने टिकलाय. हॅनकॉक मोठ्या ऐटीत रक्तपेढीत येतो. डॉक्टर बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. याला वाटतं झालं, देशसेवा पार पडली, आणि तो निघायला लागतो. मग कळतं की तो थेंब नुसता तपासणीचा. खरं तर पाइंटभर, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त, रक्त द्यायचंय. त्या क्षणी त्याचा चेहरा जसा हळूहळू उतरत जातो, तसा कुठल्याही संहितेत लिहिता येणार नाही.

त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुद्रणाच्या थोडेच दिवस आधी हॅनकॉकच्या मोटारीला अपघात झाला होता. डोक्याला मार बसलेला, संवाद पाठ करायला वेळ मिळालेला नाही. म्हणून कॅमेऱ्यांच्या बाजूला संवाद दाखवणारी यंत्रं लावली. पडद्यावर नीट बघा. तो समोरच्या डॉक्टरशी बोलतोय, पण नजर डॉक्टरच्या चेहऱ्यावर नाही, किंचित बाजूला आहे. वाचतोय तो. आणि वाचत असूनही एकही वाक्य पडत नाही, ठेका कुठे चुकत नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो भाग परत लावला आणि फक्त त्याचे डोळे बघितले. पुढे पाठांतराची त्याची सवय सुटली ती सुटलीच, आणि १९६८ मध्ये त्याने सिडनीत आयुष्य संपवलं. एका मोठ्या नटाच्या उताराची सुरुवात आणि त्याच्या कलेचं शिखर, दोन्ही त्या पंचवीस मिनिटांत एकत्र दिसतात. टेप पुसली असती तर आपल्याला नुसती एक मजेशीर संहिता मिळाली असती.

हॅनकॉकच्या दूरचित्रवाणीवरच्या साठाहून अधिक भागांपैकी वीसहून जास्त आज नाहीत. सुरुवातीचे काही तर थेट प्रक्षेपित झाले. जे गेले त्यांत आणखी काय काय होतं, ते आता कुणाला कळणार?

विनोदाला कमी लेखलं म्हणून हे झालं, असं सरसकट म्हणता येणार नाही. नाटकंही पुसली, मुलांचे कार्यक्रम पुसले, चंद्रावर माणूस उतरला त्या रात्रीचं स्टुडिओतलं प्रक्षेपणही बीबीसीकडे उरलं नाही. पण राणीचा राज्याभिषेक, चर्चिलची अंत्ययात्रा यांना हात लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही. 'ऐतिहासिक' काय हे ठरवायची वेळ आली की हात आपोआप समारंभांकडे जातो. हसवणारं म्हणजे आजचं, उद्याला बिनकामाचं. ही समजूत फक्त साहेबाची नाही. आपल्याकडेही विनोदी नटाला पुरस्कार द्यायची वेळ आली की त्याने कधीतरी केलेली गंभीर भूमिका शोधून काढतात.

आणि विनोदी मालिका किती महत्त्वाची असते, हे राजकारण्यांना चांगलं ठाऊक होतं. गॉल्टन आणि सिम्पसन यांनी हॅनकॉकनंतर 'स्टेप्टो अँड सन' लिहिली. लंडनमधले भंगारवाले बापलेक, बाप अंघोळीच्या टबात बसून लोणच्यातले कांदे खाणारा, मुलगा वर चढायची स्वप्नं बघणारा आणि बापाला सोडून कधीच न जाऊ शकणारा. १५ ऑक्टोबर १९६४ ला सार्वत्रिक निवडणूक होती आणि त्याच संध्याकाळी या मालिकेचा एक भाग लागणार होता. मजूर पक्षाचे हॅरॉल्ड विल्सन यांनी बीबीसीच्या महासंचालकांकडे धाव घेतली: आमचे मतदार कामावरून घरी येऊन टीव्हीसमोर बसले तर मतदानाला जाणार कोण? भाग पुढे ढकलला गेला. विल्सन जिंकले, अवघ्या चार जागांच्या बहुमताने. मालिकेमुळे निकाल फिरला असा दावा मी करत नाही. पण ज्या गोष्टीची धास्ती भावी पंतप्रधानाला वाटते, ती इतिहासाच्या कोठीत जपायच्या लायकीची नक्कीच आहे. तरी याच मालिकेच्या १९७० मधल्या रंगीत भागांपैकी बरेचसे आज फक्त कृष्णधवल मिळतात. तेही लेखकांनी स्वतःसाठी साध्या यंत्रावर प्रती करून ठेवल्या म्हणून.

एक गोष्ट वाचताना मला फार यातना झाल्या. पीटर कुक आणि डडली मूर यांचा 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' हा कार्यक्रम. दोन माणसं टोप्या घालून बाकावर बसतात आणि जगातल्या कुठल्याही विषयावर बोलतात; मूरला हसू आवरत नाही हे कुकला दिसतं आणि तो त्याला आणखी हसवत जातो. टेपा पुसल्या जाणार असं कळल्यावर कुकने सांगितलं, तुमचं नुकसान नको, कोऱ्या टेपांचे पैसे मी देतो, या मला द्या. नकार मिळाला. नियमात बसत नव्हतं. ॲलन बेनेट यांची १९६६ मधली 'ऑन द मार्जिन' ही मालिका तर चित्ररूपात पूर्णच गेली. हे काही किरकोळ लोक नव्हेत. ब्रिटनमध्ये युद्धानंतर जो विनोद बदलला, तो ज्यांनी बदलला त्यांतले हे. निर्मात्याने स्वतःच्या खिशातून पैसे देऊ केले तरी त्याचं काम वाचत नाही, अशी व्यवस्था कुठल्याही देशात, कुठल्याही काळात मान्य होता कामा नये.

१९७८ च्या सुमारास बीबीसीने धोरण बदललं आणि संग्रहाची जबाबदारी ठरवून दिली. मग घरगुती व्हिडिओ आला आणि जुन्या मालिकांना बाजारात किंमत आली. 'फॉल्टी टॉवर्स' या विनोदी मालिकेचे अवघे बारा भाग, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये, आजतागायत जगभर विकले आणि पाहिले जाताहेत. ज्याला किंमत नाही म्हणून पुसलं, तेच पंधरा-वीस वर्षांत विकाऊ ठरलं. म्हणूनच मी म्हणते की निवड करायचीच नाही. काय टिकेल हे त्या क्षणी कुणालाच कळत नसतं. ना अधिकाऱ्याला, ना समीक्षकाला, ना खुद्द नटाला.

मग जे वाचलं ते कुणी वाचवलं? बहुतेक वेळा नियम मोडणाऱ्यांनी. 'डॅड्स आर्मी'च्या दुसऱ्या हंगामातले पाच भाग गेले असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००१ मध्ये त्यातले दोन परत मिळाले. फिल्मचे डबे कुणीतरी स्टुडिओच्या मागच्या कचऱ्यातून उचलून आणले होते आणि बागेतल्या शेडमध्ये ठेवले होते. डबे गंजलेले, आतली फिल्म शाबूत. एरिक मोरकॅम्ब आणि अर्नी वाइज या विनोदी जोडीच्या कार्यक्रमाचा १९७० चा एक भाग एरिकच्या मुलाला घराच्या माळ्यावर सापडला. २०२१ मध्ये तो पुन्हा लोकांना दाखवला गेला. काही पोरांनी टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून नुसता आवाज भरून ठेवला होता, अगदी आमच्या मामांसारखा. 'डॅड्स आर्मी'च्या एका हरवलेल्या भागाचा आवाज टिकला, आणि २०१६ मध्ये त्यावर चित्रं काढून ॲनिमेशन केलं गेलं.

बॉब मंकहाउसची कहाणी तर कायदे करणाऱ्यांनी वाचायलाच हवी. हा विनोदवीर आणि लोकप्रिय सूत्रसंचालक. जुन्या फिल्म गोळा करायचा त्याला नाद, आणि घरी व्हिडिओ यंत्र अगदी सुरुवातीच्या काळात घेतलेलं, त्यामुळे टीव्हीवरचं मिळेल ते भरून ठेवायचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या घरावर धाड पडली. फिल्म कंपन्यांना फसवल्याचा खटला चालला. तो निर्दोष सुटला, पण मधली वर्षं गेली, जप्त झालेलं सगळं परतही आलं नाही. २००३ मध्ये तो वारला. त्यानंतर त्याच्या हजारो टेपा जाणकारांनी तपासल्या, तेव्हा कायमचे गेले असं समजलेले कार्यक्रम त्यात निघाले. ज्याला आरोपी केलं, त्याच्याच घरात देशाचा ठेवा सुरक्षित होता. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून अशा सापडलेल्या कार्यक्रमांचे खेळ लावते. ते अर्थातच चांगलं आहे. पण कुणाच्या माळ्यावर काय निघतं यावर देशाने अवलंबून राहावं का?

आता आपल्याकडे. दिल्लीत दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दिवसांत बीबीसीत प्रशिक्षण घेतलेले पुलं होते, म्हणजे ही परंपरा आपल्यापासून फार लांबची नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि गुंड्याभाऊ तिथेच घराघरांत चालते-बोलते झाले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात. माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, चिमणरावाची टोपी आणि गुंड्याभाऊचं दांडकं डोळ्यांसमोर येतं. पण ही मालिका आज पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत बघायची म्हटलं, तर कुठे बघणार? टेपांची टंचाई आपल्याकडेही होती, पुन्हा वापरायची रीतही होती. आपल्याकडे तर टेप परदेशातून यायची.

कायद्याचं बघू. १९५४ च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांत जायला हवी. कथासंग्रह थोर आहे की टाकाऊ, हे तिथे कुणी विचारत नाही. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. दूरचित्रवाणीसाठी असं बंधन नाही. ब्रिटनमध्येही छापील मजकुराला प्रत जमा करायची सक्ती शंभराहून अधिक वर्षांची, पण दूरचित्रवाणीला ती नाही. १९९० च्या प्रसारण कायद्याने आयटीव्ही आणि चॅनल फोर यांना राष्ट्रीय संग्रहासाठी पैसे द्यायला लावलं, एवढंच. फ्रान्सने मात्र १९९२ मध्ये कायदा केला आणि रेडिओ-दूरचित्रवाणीलाही पुस्तकांसारखंच प्रत जमा करायचं बंधन घातलं. त्यांच्या 'इना' या संस्थेत ते सगळं जातं. म्हणजे हे होऊ शकतं. एका मोठ्या देशात तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

खर्चाचा आक्षेप मला मान्य आहे. दोन इंची टेपांच्या काळात तो खरोखरच मोठा होता. आज अर्ध्या तासाच्या भागाची चांगली प्रत ठेवायला जेवढा खर्च येतो, तो भाग बनवायच्या खर्चापुढे खिजगणतीतही नाही. अवघड काम दुसरंच आहे: नोंदी करणं, फाइलींचं स्वरूप बदलेल तसं त्या नव्यात आणत राहणं, हक्कांचे करार सोडवणं. त्याला माणसं लागतात, पगार लागतात. ते लोकांच्या पैशातून द्यावेत, आणि खासगी वाहिन्यांनीही त्यांचा वाटा उचलावा. नटांचा आणि लेखकांचा मेहनतान्याचा हक्क वेगळा ठेवता येतो. प्रत जपणं आणि ती दाखवून पैसे मिळवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'इक्विटी'च्या करारात त्यांची सरमिसळ झाली आणि नटांच्या भल्यासाठी केलेल्या नियमानेच नटांचं काम नाहीसं झालं.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. त्या जुन्या मालिकांत वंशद्वेष आहे, बायकांची हेटाळणी आहे, मग ते जपायचं कशाला? मला हा प्रश्न झटकून टाकायचा नाही, कारण तो थेट आपल्यापर्यंत येतो. 'डॅड्स आर्मी' लिहिणाऱ्या जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनीच १९७४ मध्ये 'इट एन्ट हाफ हॉट मम' आणली. ती सुरुवातीला घडते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत. पेरी स्वतः महायुद्धाच्या काळात देवळालीच्या छावणीत होते, सैनिकांच्या करमणुकीचे कार्यक्रम करत होते. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्दही आपल्या देवळालीवरूनच गेलेला. चित्रीकरण झालं इंग्लंडमध्ये. रंगी राम या भारतीय हरकाम्याची भूमिका केली मायकल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहऱ्याला रंग फासून. बेट्सचा जन्म झाशीचा, हिंदुस्थानी बोली त्याच्या कानावर लहानपणापासून. अभिनयात तो कच्चा अजिबात नाही. तरीही तो रंग बघताना मला त्रास होतो. पंखा ओढणारा, चहा देणारा, दारात बसलेला, आणि सगळ्यांनी आपण साहेबाचेच असल्यासारखं वागायचं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दोन-तीनदा हसले, आणि त्या हसण्याचं मला नंतर वाईट वाटलं.

बीबीसी आता ती दाखवत नाही. सकाळ-संध्याकाळ ती दाखवावी असं माझंही म्हणणं नाही. पण नाशिकच्या एखाद्या विद्यार्थ्याला, आपलं गाव लंडनच्या स्टुडिओतून कसं दिसत होतं, आणि कोट्यवधी लोक त्यावर आठ हंगाम कशाला हसत होते, हे बघायचं असेल, तर ते त्याला बघता आलंच पाहिजे. अपमानाचा पुरावा पुसला तर फायदा अपमान करणाऱ्याचाच होतो. 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेबद्दल तर अजून वाद चालू आहे. त्यातला आल्फ गार्नेट कडवा वंशद्वेष्टा. लेखक जॉनी स्पाइट यांना त्याची टर उडवायची होती, पण कितीतरी प्रेक्षक आल्फ बोलला ते बरोबरच बोलला असं म्हणायचे. मालिका नेमकी कुणाच्या बाजूने हसवत होती? हे तपासायचं तर १९६६ ते १९६८ मधले भाग समोर हवेत, आणि त्यातलेच कितीतरी गेलेत. जून २०२० मध्ये 'फॉल्टी टॉवर्स'चा जर्मन पाहुण्यांचा भाग एका प्रसारकाने काही दिवस काढून घेतला, टीका झाल्यावर सूचना जोडून परत ठेवला. तो निर्णय फिरवता आला, कारण मूळ प्रत शाबूत होती.

म्हणून महाराष्ट्रात तरी याची सुरुवात व्हावी असं मला वाटतं. प्रसारकांनी प्रत जमा करायचं बंधन घालणारा कायदा केंद्राला करावा लागेल, पण त्यासाठी थांबायचं कारण नाही. मराठी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या विनोदाची एक साधी यादी आधी व्हावी: काय होतं, कुणी केलं, कुठे काय शिल्लक आहे. ज्यांच्याकडे घरी भरून घेतलेल्या प्रती आहेत त्यांना लेखी अभय मिळावं, की ही प्रत कुठून आली, कशी भरली, याची चौकशी होणार नाही. मंकहाउससारखी पाळी कुणावर येऊ नये. आणि प्रत नेऊन दिल्यावर ती चोवीस तासांत परत मिळावी, कारण लोक आपल्या आठवणी सरकारी कपाटात द्यायला घाबरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

घाई करायला हवी. कॅसेटच्या फितीला बुरशी धरते, चुंबकीय थर सुटून पावडर होते, आणि ती वाजवणारी यंत्रं दुरुस्त करणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मामांची कॅसेट मी गेल्या वर्षी संगणकावर उतरवून घेतली. ते काम करणाऱ्या मुलाने विचारलं, ताई, मधली शिट्टी काढून देऊ का, आणि शेवटचं भजन कापू? मी म्हटलं, दोन्ही राहू दे.